तीन नंबरच्या खोपीचं रीडिंग

१० जून, मंगळवार

रजिस्टरमध्ये शेऱ्यासाठी एकच अरुंद रकाना असतो आणि माझे शेरे त्यात मावेनात, म्हणून ही वेगळी वही सुरू करतो आहे. यशोदा म्हणाली, "आता शेऱ्यांचंही रजिस्टर का?" म्हटलं, हो.

चौतीस वर्षं मी सबस्टेशनात ऑपरेटर होतो. दर तासाला पॅनेलवरचे आकडे, यार्डात जाऊन ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान, सगळं लॉगबुकात उतरवायचं आणि खाली सही करायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हात थांबत नाहीत. घरातला मीटर मी दिवसातून तीनदा वाचतो, यावरून सोलापुरात, आमच्या शुक्रवार पेठेत माझी पुरेशी थट्टा होऊन गेली आहे.

पण आता मला खरं काम आहे. आमची ज्ञानदा गेल्या नोव्हेंबरपासून पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाला, बर्फावरच्या संशोधन तळावर आहे. विजेची इंजिनिअर. तळापासून लांब, जिथे माणूस राहत नाही अशा तीन ठिकाणी त्यांच्या खोपी आहेत. बर्फ आतून किती हलतो ते मोजणारी यंत्रं त्यांत वर्षभर चालू असतात आणि त्यांना वीज पुरवणं ही ज्ञानदाची जबाबदारी. तीन नंबरची खोपी सगळ्यात लांब, एकशे दहा किलोमीटर. तिथे यंत्रांशिवाय चार माणसांपुरत्या कॉट, हीटर आणि रेडिओही आहे, आणि हे सगळं बॅटऱ्यांच्या जिवावर. छतावर सोलर पॅनेल आहेत, पण तीन आठवडे झाले तिकडे सूर्यच उगवलेला नाही. एक छोटी पवनचक्की तेवढी चार्जिंग करते.

बॅटरीचा व्होल्टेज उपग्रहामार्फत संस्थेच्या वेबसाइटच्या एका पानावर येतो. ते पान तिच्या तळावर उघडत नाही. तिकडचं नेट असं की मजकूर जातो, फोटो पाठवला तर नुसतं गोल फिरत राहतं. म्हणून ती म्हणाली, "बाबा, चार वेळा बघा, नोंद ठेवा आणि संध्याकाळी मला आकडे पाठवा. तुमच्यासारखा ऑपरेटर मला दुसरा कुठे मिळणार?"

पानावर फक्त त्या दिवसाचे आकडे दिसतात. काल काय होतं ते फक्त माझ्या रजिस्टरला ठाऊक. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ. अजून एकही चुकलेलं नाही.

२२ जून, रविवार

मायाप्पा येऊन गेला. पिशवीभर शेंगा घेऊन, नातेपुत्याहून, एसटीने. मायाप्पा रुपनवर माझ्या सबस्टेशनात हेल्पर होता. दर वर्षी एकदा येतो. ज्ञानदा जायच्या आधीही आला होता आणि तिला घरी विणलेली घोंगडी देऊन गेला. ती घोंगडी आत्ता तिच्या पलंगावर आहे म्हणे.

त्याच्या उजव्या हाताची कातडी ओढल्यासारखी आहे, म्हणून बशी डाव्या हाताने धरतो. चहा झाला, पोरांची विचारपूस झाली, आणि उठताना नेहमीचं: "आज रीडिंग घेतलं का, सायेब?"

बारा वर्षं हाच प्रश्न. पूर्वी मी हसण्यावारी न्यायचो. आता खरोखर रीडिंग घेतो, म्हणून रजिस्टर आणून दाखवलं. त्याने पानं उलटली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आकडं झाक हायत." एवढंच. हा माणूस दर वर्षी शंभर किलोमीटर एसटीचे धक्के खात शेंगा द्यायला येतो का? मला तो कळत नाही.

२४ जुलै, गुरुवार

तिकडे सूर्य उगवला! काल वीस मिनिटं दिसला म्हणे. ज्ञानदाने लिहिलं, सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. यशोदाने शिरा केला आणि पहिला घास खिडकीत ठेवला. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आकडे बघा."

आकडे पाहिले. २६.४, २६.३, २६.५, २६.४. अंधारात होते तेच. वीस मिनिटांच्या उन्हाने काय होणार म्हणा.

३ ऑगस्ट, रविवार

सूर्य आता तिकडे चांगला चार-पाच तास असतो, तरी दुपारचा आकडा वर जात नाही. ऊन पडलं की पॅनेलने चार्जिंग करायला नको? माझ्या हिशोबाने दुपारी फुगवटा यायला हवा आणि रात्री घट. इथे आपली सपाट रेघ.

चौकातल्या शिवकुमारला विचारलं. त्याचं इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे, धंद्यातला माणूस. तो म्हणाला, "काका, तुमी पाण्याच्या बॅटरीचा हिशोब लिथियमला लावालाय. लिथियम असंच असतंय की. संपेपर्यंत सपाट." घरी आलो. संध्याकाळी ज्ञानदाचंही तेच: लिथियम सपाटच, शिवाय पॅनेलवर बर्फ साचला असेल.

दोन जाणती माणसं एकच सांगतात, म्हणजे खरं असणार. मग मला का पटत नाही? वयाने माणूस आडमुठा होतो म्हणतात, तो हाच प्रकार असावा.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज बाराचं रीडिंग लिहिताना हात अडखळला. २६.५ लिहिलं आणि पान बघायच्या आधीच हाताला वाटलं की चारला परत २६.५ आणि आठला २६.२. तसंच झालं.

जेवण झाल्यावर मागची पानं काढली. मंगळवार पाच ऑगस्ट: २६.४, २६.५, २६.५, २६.२. मंगळवार एकोणतीस जुलै: तेच. बावीस जुलै: तेच. मग बुधवारला बुधवार लावला, गुरुवारला गुरुवार. एकही दशांश इकडचा तिकडे नाही. एकवीस जुलैपासून पुढे एकच आठवडा पुन्हा पुन्हा येतो आहे. त्याआधीचे आकडे मात्र हलतात, चढतात, पडतात, वारा सुटला की वर जातात.

म्हणजे एकवीसचा आठवडा संपता संपता खोपीतून निरोप येणं बंद झालं असणार आणि पान मागच्या आठवड्याचे आकडे उचलून रकाने भरत असणार. कुणीतरी तशी सोय करून ठेवली असेल. रिकामा रकाना वरच्या साहेबाला खपत नाही. रकाना रिकामा राहिला तर मेमो येतो, खोटा आकडा असला तर काहीच येत नाही.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. हे मी का लिहिलं ते पुढे लिहिणार नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ज्ञानदाला काल सगळं लिहिलं. आज तिचं उत्तर आलं. तिने मुख्य कार्यालयाला विचारलं. ते म्हणतात, आकडे नियमित येत आहेत, कुठेही लाल खूण नाही, काळजी नसावी.

नियमित येतात हेच तर माझं म्हणणं आहे. पण ते मुद्देसूद कसं मांडायचं, कळेना. दोनदा लिहून खोडलं.

१७ ऑगस्ट, रविवार

आता खरी काळजी. सव्वीस तारखेला चौघं जण बर्फावरच्या गाड्या घेऊन तीन नंबरला निघणार आहेत. पॅनेल साफ करायचे, यंत्रं तपासायची, चार रात्री खोपीतच मुक्काम. ज्ञानदा त्यात आहे. एरवी बरोबर जनरेटर नेतात, पण या वेळी खोदायचं मोठं यंत्र न्यायचं आहे आणि स्लेजवर जागा एकाचीच. बॅटरी फुल असल्यामुळे जनरेटर तळावरच ठेवायचं ठरलं आहे.

बॅटरी फुल असल्याचा पुरावा म्हणजे मी रोज संध्याकाळी पाठवलेले आकडे.

उणे पस्तीस. मी यशोदाला विचारलं, उणे पस्तीस म्हणजे किती गं? ती म्हणाली, आपल्या मे महिन्यातून ऐंशी वजा करा. मी केले. काही समजलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

तिचा निरोप इथे जसाच्या तसा उतरवतो.

"बाबा, आमच्या प्रमुखांना तुमच्या आकड्यांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, हे आकडे पानावर आहेत का काकांच्या रजिस्टरमध्ये? निवृत्त माणूस, रोज चार वेळा, कंटाळा येतो, मागच्या आठवड्याचं पान समोर ठेवून उतरवलं असेल, ऑपरेटर लोक करतात असं. मला इतका राग आला. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या बाबांनी चौतीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिलेला नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

तीनदा वाचला. यशोदा विचारत होती काय लिहिलंय, तर म्हटलं, मजेत आहे.

आज मंगळवार. २६.४, २६.५, २६.५, २६.२.

२० ऑगस्ट, बुधवार

लिहून टाकतो. ही वही कुणी वाचत नाही.

चौदा मे दोन हजार तेरा, मंगळवार. बाहेर चव्वेचाळीस. कंट्रोल रूममध्ये कूलर होता. तेलाच्या तापमानाचा काटा यार्डात, दारापासून चाळीस पावलांवर. मी मोजलेली आहेत. दुपारी दोनला मला खुर्चीतून उठवेना. आधीच्या मंगळवारचं पान उघडलं आणि त्यातला आकडा उतरवला, बासष्ट. मंगळवारला मंगळवारच घ्यायचा, लोड सारखा असतो, कुणाला संशय येत नाही. हे सगळे करायचे. मीही पूर्वी दोन-चारदा केलं होतं. तीनला त्रेसष्ट. चारचा आकडासुद्धा तेव्हाच लिहून ठेवला, त्रेसष्ट, म्हणजे मध्ये उठायला नको.

तीन चाळीसला ट्रान्सफॉर्मर फुटला. तेल उकळत होतं. दोनला जाऊन पाहिलं असतं तर लोड कमी करायला दीड तास होता. मायाप्पा यार्डात होता. तेल त्याच्या उजव्या हातावर आलं.

चौकशी झाली. लॉगबुकात बासष्ट, त्रेसष्ट. म्हणजे तेल थंड होतं, म्हणजे मायाप्पानेच काहीतरी चुकीचं हाताळलं. सात महिने निलंबन, आणि सेवापुस्तकात "निष्काळजीपणा". चारचा आकडा तीन चाळीसच्या आधीच लिहिलेला होता हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी पाहिलंच नाही. मी काही बोललो नाही. ज्ञानदाचा बारावीचा निकाल यायचा होता. नंतर वाटलं आता बोलून काय उपयोग, आणि मग तर बोलायची वेळच निघून गेली.

आता मुलगी माझ्या नावाने भांडते आहे. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग आत्ताही तुम्हीच उतरवलं असणार. न सांगितलं तर माझा शब्द म्हणजे हट्टी म्हाताऱ्याचा शब्द, आणि जनरेटर तळावर राहणार. कुठल्याही बाजूने गेलो तरी मीच खोटा ठरतो. डोकं चालत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

यशोदा म्हणाली, "अहो, एवढा जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा पानाचे फोटो काढून पाठवा की." काढले, पाठवले. तिकडे गोल फिरतं आहे म्हणे. मग तिने विचारलं, शब्दांत सांगता येणार नाही असं त्यात काय आहे? आणि माझ्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई कधी काय ओळखते ते मला आजवर कळलेलं नाही. मी चष्मा पुसत बसलो.

निघायला तीन दिवस.

२४ ऑगस्ट, रविवार

पाठवलं. सकाळी आठचं रीडिंग घेतलं आणि लगेच लिहायला बसलो. बाराचं रीडिंग झालं तरी लिहितच होतो. शेवटी एवढंच गेलं:

"ज्ञानदा, तुझे प्रमुख म्हणाले तसं ऑपरेटर करतात. मी केलेलं आहे. चौदा मे तेराला मी तेलाचं तापमान न बघता आधीच्या मंगळवारचं उतरवलं. मायाप्पाचा हात त्यामुळे भाजला आणि दोष त्याच्यावर गेला. मी गप्प राहिलो. या वेळी मी उतरवलेलं नाही, प्रत्येक आकडा पानावर बघून लिहिला आहे. पण असं करणारं पान कसं दिसतं ते मला माहीत आहे, म्हणून ओळखलं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. जनरेटर मात्र घे. बॅटरी चांगली निघाली तर मी खोटा, आणि तसा निघालो तर मला आनंदच आहे."

दोन बरोबरच्या खुणा आल्या. नंतर निळ्या झाल्या. रात्री आठपर्यंत उत्तर नाही. आठचं रीडिंग पाठवलं, त्यावरही नाही.

मग यशोदाला सांगितलं. ती बराच वेळ पोळपाट पुसत राहिली. म्हणाली, "मायाप्पा येतो तेव्हा तुम्ही त्याच्या हाताकडे बघत नाही. मला वाटायचं तुम्हाला किळस येते." 

२५ ऑगस्ट, सोमवार

उत्तर आलं. दोन शब्द: "जनरेटर घेतोय."

बाबा नाही, काळजी घ्या नाही. रागावली आहे? घाईत आहे? प्रमुखांना काय सांगितलं? माझं नाव घेतलं का? काहीच पत्ता नाही. पण घेताहेत. देवापुढे बसलो, पण काय मागायचं ते सुचेना. तिथे बॅटरी चांगली असावी असं मागावं तर मी खोटा ठरतो, आणि मेलेली असावी असं कुठल्या बापाने मागायचं?

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ते निघून तीन दिवस झाले. वाटेत नेट नसतं. तळावरून एका मुलाचा निरोप आला की तिकडे वादळ आहे आणि गाड्यांशी काल दुपारपासून रेडिओ लागलेला नाही, पण असं होतं, घाबरू नका. पान मात्र खुशाल आहे. २६.३, २६.४. वादळाचं त्याला काही नाही.

घरात बसवेना. सकाळचं रीडिंग यशोदाला घ्यायला सांगितलं आणि नातेपुत्याची एसटी पकडली. वेळापूरला गाडी बदलावी लागली, तिथे अर्धा तास उभा होतो आणि दोनदा वाटलं परत फिरावं.

मायाप्पाचं घर गावाबाहेर, दारात डाळिंबाची चार झाडं. मला बघून तो उठला, घोंगडी झटकून टाकली. मी बसलो नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. दोन, तीन आणि चार. चाळीस पावलं. कूलर. सगळं.

तो खाली बघत होता. मग म्हणाला, "ठावं हाय की, सायेब. त्या दिशी जेवण झाल्यापासनं मी यार्डातच हुतो. काट्याच्या शेजारी. तुमी भाईर आलाच न्हवता."

बारा वर्षांत हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. तो तिथेच होता. मी बाहेर न आल्याचा साक्षीदार तोच होता, दुसरं कोण असणार?

मी विचारलं, "मग चौकशीत का नाही बोललास?"

"बोल्लो की. दोनदा बोल्लो. त्यांनी लिवून न्हाय घेतलं. म्हनले, लॉगबुकात आकडा हाय, तुजं काय ऐकायचं?"

"आणि दर वर्षी माझ्याकडे येतोस ते?"

"तुमी कवा सांगताय ते बघाया," मायाप्पा म्हणाला.

त्याची सून चहा घेऊन आली. त्याने ज्ञानदाचं विचारलं. मी वादळाचं सांगितलं. तो उठून आत गेला, कुलदैवताला हात जोडून आला आणि म्हणाला, पोरगी येईल, लई खमकी हाय. मग निघताना फाटकापाशी थांबवलं. "तोंडानं सांगितलं, बरं झालं. आता लिवून द्या. माजी पोरं कागुद बघत्यात. त्यावर माजं नाव निष्काळजी म्हनून हाय."

मी हो म्हटलं. एसटीत बसल्यावर भीती वाटायला लागली. निवृत्त माणसावर आता काय कारवाई होते? खातं काय करेल? पेठेत काय बोलतील? आणि मुलगी तिकडे वादळात असताना मी स्वतःच्या अब्रूचा विचार करतो आहे याचीही लाज वाटली. सोलापूर येईपर्यंत हेच उलटसुलट.

३१ ऑगस्ट, रविवार

काही नाही. रजिस्टरमध्ये आकडे लिहिणं बंद केलं. खोटे आहेत हे माहीत असताना सही कशी करू? रकाने रिकामे ठेवले. रिकामं पान बघायची सवय नाही, हात सारखा पेनाकडे जातो.

यशोदा म्हणाली जेवून घ्या. मी म्हटलं भूक नाही. ती म्हणाली मलाही नाही, पण दोघांनी बसूया. बसलो.

२ सप्टेंबर, मंगळवार

तळावर परत आली! सकाळी सव्वादहाला तिथून फोन आला. आवाज तुटत होता, पण तिचाच.

खोपी काळोखी होती. पवनचक्कीचं पातं मोडलेलं, पॅनेल बर्फाखाली. बॅटरीला तिने मीटर लावला तर शून्य. कधीचीच मेलेली होती. ते पोचले आणि दोन तासांत वादळ आलं, अडीच दिवस दार उघडता आलं नाही. हीटर, रेडिओ, सगळं जनरेटरवर. त्या गारठ्यात मेलेली बॅटरी लगेच चार्ज करता येत नाही, आधी खोली गरम करून बॅटरी ऊबेत आणावी लागते, मग हळूहळू. मायाप्पाकाकांची घोंगडी तिने बॅटरीवर पांघरली होती.

यशोदा रडत होती, मी तिच्या हातातून फोन घेतला. म्हटलं, "आता रीडिंग किती?"

ती म्हणाली, "पंचवीस पूर्णांक एक. मी स्वतः जाऊन बघितलंय, बाबा."

आणखी एक: "मायाप्पाकाकांना सांगितलंत?" मी हो म्हटलं. "लिहून दिलंत?" मी म्हटलं, देतो. फोन कटला. नेट गेलं की तिने ठेवला, सांगता येत नाही. तिने मला माफ केलं की नाही हेही मला कळलेलं नाही. बाबा म्हणाली, एवढं खरं.

दुपारी पान पाहिलं. कार्यालयाने ती रकाने भरायची सोय काढून टाकलेली दिसते. आठच्या आणि बाराच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. चार वाजता आकडा आला: २५.१.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल आणि आज अर्ज लिहिला. चार खर्डे फाडले. पहिल्या खर्ड्यात उन्हाचं फार होतं, दुसऱ्यात ज्ञानदाच्या बारावीचं. शेवटी सगळं काढलं. "दि. १४ मे २०१३ रोजी श्री. मायाप्पा रुपनवर यांच्याकडून कोणतीही चूक झालेली नव्हती. तेलाच्या तापमानाच्या त्या दुपारच्या नोंदी मी प्रत्यक्ष न पाहता लिहिल्या." लॉगबुक माझ्याकडे नाही, म्हणून त्या दिवसाचं पान पट्टीने आखून सोबत जोडलं. बाराचा आणि एकचा आकडा खरा होता, आठवतो तो लिहिला. दोन, तीन आणि चारचे रकाने रिकामे सोडले. खाली पूर्ण सही केली.

दोन प्रती रजिस्टर पोस्टाने टाकल्या, एक खात्याला, एक नातेपुत्याला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, काका, आत काय आहे? म्हटलं, रीडिंग.

१० सप्टेंबर, बुधवार

आठ: २५.८. बारा: २६.६. चार: २६.५. दुपारी फुगवटा येतो आहे.

मायाप्पाचा फोन आला. पाकीट पोचलं, पोरांनी वाचलं म्हणाला. ज्ञानदाचं विचारलं, यशोदाचं विचारलं, डाळिंबं पाठवतो म्हणाला, पाऊस कसा आहे ते विचारलं. दहा मिनिटं बोलला आणि ठेवला. रीडिंग घेतलं का, असं मात्र त्याने आज विचारलं नाही. मी सांगायला तयार होतो, रजिस्टर समोरच उघडं होतं. विसरला असावा.